रात्री फोन कोणाला करायचा?

पांझरेचा पूल ओलांडून उत्तरेला आलं की देवपूर लागतं. कागदोपत्री ते धुळे शहरच, २००३ पासून एकाच महापालिकेत. तरी कॅप्टन ब्रिग्जनं आखून दिलेल्या नंबरांच्या गल्ल्या नदीपलीकडे आणि कॉलेजं, क्लासेस, निवृत्त नोकरदारांच्या कॉलन्या इकडे, हा फरक अजून टिकून आहे. एकवीरा देवीचं मंदिर देवपूरच्या काठावर. चैत्रात कुळाचारासाठी लांबून कुटुंबं येतात, जावळं निघतात, नवस फिटतात. गर्दी ओसरल्यावर मंदिराच्या आसपास, बसस्थानकाच्या शेडखाली, पुलाच्या आडोशाला जी माणसं उरतात ती कुठल्याच यात्रेची नसतात. हिवाळ्यात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की शेकोटीपाशी बसलेल्या या माणसांचा फोटो वर्तमानपत्रात येतो. मे महिन्यात, पत्र्याखाली बसवत नाही अशा दुपारी, त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

खाली बोलणारे दोघं मी रचलेले आहेत, हे आधीच सांगतो. मामा एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, वाडीभोकर रोडच्या आतल्या एका कॉलनीत राहणारे. भाची समाजकार्य शिकलेली, मानसिक आजारातून सावरलेल्या लोकांबरोबर काम करणारी. मामांच्या भिंतीला लागून एक बैठं घर बरेच दिवस रिकामं पडलंय आणि भाचीला ते पाच बायकांसाठी भाड्यानं हवंय. पाचही जणी औषधांवर स्थिर आहेत, घरच्यांनी परत नेलेल्या नाहीत. त्यातल्या एकीचा पाय अपघातात गेलेला, ती कुबडीवर चालते. माणसं रचलेली असली तरी वाद रचलेला नाही. तो धुळ्यातही चालतो, जळगावातही, आणि बहुतेक वेळा तो संपायच्या आत घरमालक दुसऱ्या कोणाला किल्ली देऊन मोकळा होतो.

मामा : मन्हं आयक, मग बोल. मी कोणाला घर मिळू नये असं म्हणणारा माणूस नाही. उभी नोकरी घरकुलांवर गेली. वाल्मिकी-आंबेडकर आली, झोपडपट्ट्यांची एकात्मिक योजना आली, शेवटी पंतप्रधान आवास. मोजमाप पुस्तकात माझ्या सह्या आहेत. गरिबाला घर द्यायचं तर त्याच्या नावावर द्यावं, उतारा हातात द्यावा. तू म्हणतेस ते घर नाही. पाच परक्या बायका आणि त्यांच्यावर एक पगारी बाई, याला वसतिगृह म्हणतात.

भाची : नावावर द्यायचं तर आधी नाव यादीत यावं लागतं ना, मामा. स्वतःच्या जागेवर बांधायचं तर जागेचा उतारा मागतात. भागीदारीच्या इमारतीत घर घ्यायचं तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख वजा करून राहिलेले पैसे लाभार्थ्यानं भरायचे. बँक पगाराचा कागद मागते. बसस्थानकात झोपणाऱ्याकडे यातलं काय असतं? तुमच्या सगळ्या योजना झोपडी असलेल्या माणसापासून सुरू होतात. ज्याची झोपडीही नाही तो तुमच्या लेखी गरीबसुद्धा नाही.

मामा : मग सर्वेक्षण करा. यादी दुरुस्त करा.

भाची : झालंय की. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघर मोजले. देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजार. त्या रात्री जी बाई उभ्या एसटीच्या मागच्या सीटवर झोपली होती, ती बहुधा त्या आकड्यात नाही.

मामा : बेघरांसाठी निवाऱ्याची सोय आहे. शहरी उपजीविका अभियानात तो भाग होता, सर्वोच्च न्यायालयाचे आदेशही आहेत. एक लाख वस्तीमागं शंभर माणसांची जागा, माणशी पन्नास चौरस फूट. मला पाठ आहे.

भाची : मग धुळ्याचा हिशेब करा. २०११ ला पावणेचार लाख वस्ती. म्हणजे पावणेचारशे माणसांची जागा, तीही पंधरा वर्षांपूर्वीच्या डोक्यांवर. आणि समजा झाली. आजारातून उठलेली बाई पन्नास अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये किती वर्षं झोपेल? फिनलंडनं २००८ पासून उलटा मार्ग धरला. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा निवारा होता, त्याच इमारतीत ८१ स्वतंत्र घरं केली. आधी घर आणि किल्ली, मग बाकीचे उपचार.

मामा : फिनलंड पंचावन्न लाखांचा देश आहे, माय. आपला जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ लाच एकोणऐंशी लाख. अख्खा देश मावेल आपल्या खानदेशात आणि वर जागा उरेल. त्यांच्या तिजोरीशी आपली तुलना कुठं करतेस?

भाची : मी तिजोरीचं बोलत नाहीये, क्रमाचं बोलतेय. आपल्याकडे माणूस आधी बरा व्हावा, कमावता व्हावा, व्यसन सोडावं, कागद गोळा करावेत, आणि एवढं सगळं फुटपाथवर राहून केल्यावर त्यानं घर मागावं.

मामा : अगं, गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला, मुंबईला धर्मशाळा उभ्या केल्या. दवाखान्यात आलेल्यांच्या नातेवाइकांची सोय केली. त्यांनी कोणाच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं नाही.

भाची : धर्मशाळा वाटसरूची असते, मामा. वाटसरूला परत जायला गाव असतं.

इथं मामा थोडे थांबले. भाचीला वाटलं मुद्दा पोचला. खरं तर मामा तिच्या तोंडून जळगावचं नाव केव्हा निघतं याची वाट बघत होते.

भाची : तुमची घरकुलं बांधून प्रश्न सुटत असता तर जळगावात सुटला असता.

मामा : आलीस तिथंच! मला माहीत होतं. घरकुल घोटाळ्याच्या निकालाच्या दिवशी मी धुळ्याच्या कोर्टाबाहेर उभा होतो, गर्दीत. ३१ ऑगस्ट २०१९. अठ्ठेचाळीस जण दोषी. माजी मंत्री सुरेश जैनांना सात वर्षं आणि शंभर कोटी दंड. जळगावचं प्रकरण, निकाल आपल्या गावात. माझ्याबरोबर नोकरी केलेली माणसं टीव्हीपुढून हलली नव्हती.

भाची : म्हणजे तुम्हीच बघा.

मामा : काय बघू? घरकुलाची कल्पना चुकीची होती असं कोर्टानं कुठं म्हटलंय? पैशाचा गैरवापर झाला. नव्वदच्या दशकात हुडकोच्या कर्जावर अकरा हजारांहून जास्त घरं बांधायची होती, त्यातली थोडीच उभी राहिली. २००६ मध्ये प्रवीण गेडाम आयुक्त असताना फिर्याद दाखल झाली. आणि ती टिकली कशामुळं? भिंत मोजता येते म्हणून. इतके पैसे दिले, इतकी घरं उभी आहेत, बाकीची दाखवा! आता तुझ्या त्या पगारी बाईचं सांग. तिनं पाच जणींना वेळेवर गोळ्या दिल्या, रात्री उठून विचारपूस केली, हे मी कोणत्या टेपनं मोजू? तिनं काहीच केलं नाही तर कोणत्या पुस्तकात ते दिसेल?

भाची : भिंत मोजता येत होती तरी मोजायला कोणी गेलं का वेळेवर? फिर्याद आणि निकाल यांत तेरा वर्षं गेली.

हा वाद कोण जिंकलं हे सांगणं मला अवघड आहे. निकालावर अपिलं झाली, जामीन झाले, राजकारण पुढं सरकलं. ज्या झोपडीवाल्यांसाठी ती घरं कागदावर मांडली गेली, त्यांच्या घरात मधल्या काळात नातवंडं आली असतील. दंडाच्या रकमेतून त्यांना खोली मिळत नाही. मामांचा मुद्दा मला तरीही हलका वाटत नाही. वीट-सिमेंटच्या कामात चोरी झाली तर निदान पोकळ जागा उरते, तिचा पंचनामा होतो. सोबतीच्या कामात चोरी झाली तर एक बाई गप्प गप्प होत जाते, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही. भाचीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी या प्रश्नाला सहसा उत्तर दिलेलं नाही. ‘सेवाभावी वृत्ती’ म्हणून ते मोकळे होतात.

मामा : बरं, भाड्याचं राहू दे. मोठं आवार करा. गावाबाहेर पाच-दहा एकर, भाजीपाला, गाई. नगरजवळ धामणे डॉक्टर दांपत्यानं रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी माऊली उभी केली. कर्जतला डॉक्टर वाटवानी आहेत, त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. आनंदवन आहे, अमरावतीचं तपोवन आहे. अशी कामं आपल्या मातीत झाली आहेत.

भाची : ती माणसं मोठीच आहेत. पण वाटवानींचं काम नीट बघा. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला बरं करून त्याच्या घरी पोचवणं, हा त्यातला मुख्य भाग आहे. ठेवून घेणं नाही. आणि आनंदवन १९४९ मध्ये जंगलात का झालं? गावानं कुष्ठरुग्णाला बाहेर काढलं म्हणून. बाबा आमटेंनी त्यातून नवं गाव उभं केलं हे त्यांचं मोठेपण. जुन्या गावानं त्यात मिरवण्यासारखं काही नाही. आज तुम्ही मला पुन्हा तेच सांगताय, की तुम्ही बाहेर जा, आम्ही देणगी देऊ.

मामा : शब्द वाकडे लावू नकोस.

भाची : कायदाच वेगळं म्हणतो, मामा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आधारासह राहण्याची घरं सरकारनं द्यायची आहेत. बरं झालेल्या माणसाला केवळ घर नाही म्हणून दवाखान्यात ठेवता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच राज्याला बोल लावला, कारण मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवली होती. बरी झालेली बाई भिकारी कशी ठरली? ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून! चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेनं याला तोड काढली. साध्या वस्तीत साधं घर भाड्यानं घ्यायचं, चार-पाच जणींनी राहायचं, स्वयंपाक त्यांचा, बाजार त्यांचा, मदतीला एक बाई. मला त्याहून वेगळं काही नकोय.

मामा : आणि पैसे? पहिल्या वर्षी तुमच्याकडे उत्साह असतो. दुसऱ्या वर्षी अनुदान लांबतं. तिसऱ्या वर्षी पगारी बाई सोडून जाते. मग रात्री बारा वाजता दार वाजतं ते माझं.

भाची : पैशांचं ऐका. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. २०२३ मध्ये तिचे दीड हजार झाले, आणि दिव्यांगांसाठी आता अडीच हजार. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत धरलाय. चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. पाच जणींचे अडीच हजार म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. या घराचं भाडं त्यांच्या त्यांच्या पैशातून सुटतं, वर किराण्याला उरतं.

मामा : दाखले आहेत सगळ्यांचे?

भाची : दोघींचे आहेत. बाकी तिघी अडकल्यात. निराधारच्या अर्जाला पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावा लागतो. एक तर जवळजवळ तेवढीच वर्षं दवाखान्यात होती. तिचा पत्ता काय लिहायचा? घर मिळालं की पत्ता मिळतो, पत्ता मिळाला की पैसे, पैसे मिळाले की घर. कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी, आणि माझ्या मते ती घरापासून व्हावी.

मामा : भाडं निघालं, मान्य. पगार?

भाची : तिथंच अडतं.

मामा : बघ!

भाची : इमारतीला पैसे मागितले तर कोणीही देतं. आमदार निधी आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, देणगीदाराला नावाची पाटी लावायला भिंत मिळते. एका बाईच्या बारा महिन्यांच्या पगाराला पाटी लागत नाही, म्हणून तो कोणी देत नाही. तुमच्या खात्यातही तेच होतं ना? बांधकामाचं लेखाशीर्ष होतं. राहायला आलेल्या माणसाकडे नंतर बघायला जाण्याचं होतं का?

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. एकदा, निवृत्तीच्या थोडं आधी, ते स्वतः वाटप केलेल्या एका वसाहतीत गेले होते. काही घरांना कुलपं होती, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. काही घरांत भाडेकरू होते. तिसऱ्या मजल्यावर पोलिओ झालेल्या एका तरुणाला घर मिळालं होतं. तो आपल्या भावाकडे झोपडीत राहत होता आणि घरात भावाची मुलं अभ्यासाला बसत. ‘लाभार्थी घरात राहत नाहीत’ असा शेरा त्या वेळी मामांनीच लिहिला होता. शेरा खरा होता. जिना कोणी बांधला, हे त्यात नव्हतं.

मामा : दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण आहे, त्याच २०१६ च्या कायद्यात. कलम ३७. सोडतीत आम्ही ते पाळायचो.

भाची : टक्के पाळले. मजला?

मामा : मजला सोडतीवर. आता करतात म्हणे तळमजला राखीव. आणि तुला सांगतो, तळमजला दिला तरी भागत नाही. आपल्याकडे जोतं दीड फूट उंच. बारास एक उताराचा रॅम्प काढायचा तर अठरा फूट लांबी लागते. दारापुढं अठरा फूट आहेत कुठं? तीस चौरस मीटरच्या घरात संडासाची खोली अशी, की चाकाची खुर्ची आत गेली तर वळत नाही आणि वळवायची म्हटली तर दार लागत नाही. नकाशात सगळं बसतं. मीच बसवलंय.

भाची : या शेजारच्या घराचं जोतं किती आहे?

मामा : एक फूट. बाजूला गल्ली आहे, बारा फूट निघतात. मोजलंय मी. म्हणजे सहज, सकाळी फिरून येताना.

मामी इतका वेळ आत मिरच्या निवडत होत्या. त्या बाहेर आल्या त्या कोणाची बाजू घ्यायला नव्हे.

मामी : तुमचा कायदा नि उतार मला कळत नाही. मला एवढंच सांगा, रात्री त्यातली एक ओरडायला लागली, नाहीतर पडली, तर मी फोन कोणाला करायचा? नंबर द्या. आणि तो उचलणारा माणूस धुळ्यात असला पाहिजे. पुण्यात नको.

मला वाटतं, कॉलनीच्या विरोधाकडे आपण बहुतेक वेळा चुकीच्या टोकानं बघतो. भाव पडतील, मुली-बाळी आहेत, वातावरण बिघडेल, हे सगळं लोक बोलतात आणि त्यातलं पुष्कळ निव्वळ दुष्टपणाचं असतं, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच्या तळाशी मामींचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. शेजाऱ्याला आपल्यावर नकळत जबाबदारी येऊन पडेल अशी भीती असते. ती भाषणानं जात नाही. रात्री उचलला जाणारा फोन असेल तर जाते. त्या फोनचा खर्च म्हणजे दोन माणसांचे पाळीनं पगार, महिन्यातून ठरावीक वेळा येणारा डॉक्टर आणि एक रिक्षावाला. हिरे वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहे, जिल्ह्याला मानसोपचार विभाग परका नाही. अडतं ते फक्त लेखाशीर्षावर. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. त्यातून एकरकमी वाटप किंवा साहित्य देण्याऐवजी अशा दोन पगारांची सोय करायला कोणता कायदा आड येतो, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही. मामांचा मोजण्याचा आग्रहही इथं उपयोगी पडतो. फोन आला कधी, उचलला कधी, माणूस पोचला कधी, हे वहीत लिहिता येतं. दर तीन महिन्यांनी ती वही बाहेरच्या माणसानं तपासावी, त्या पाच जणींना एकेकटं भेटावं. मोजमाप पुस्तकाइतकं ते नेमकं होणार नाही, पण कोऱ्या पानापेक्षा पुष्कळ बरं.

भाची : नंबर देते मामी. दोन देते. एक उचलला नाही तर दुसरा.

मामी : मग मला काही म्हणायचं नाही. फक्त त्यांना सांग, नळाला पाणी दिवसाआड येतं, मोटर लावताना विचारावं.

मामा : तुझं झालं, माझं नाही. माझ्या अटी आहेत. करार अकरा महिन्यांचा नको, पाच वर्षांचा, नोंदणी केलेला. दर वर्षी घर बदलायला लागलं तर तुझ्या त्या बायकांचा पत्ता पुन्हा गेला. न्हाणीत आडवे दांडे बसवायचे, ते मी उभा राहून बसवून घेईन. आणि कॉलनीची मीटिंग बोलवायची. सगळ्यांना आधी सांगायचं, कोण येणार, कुठून येणार.

भाची : पहिल्या दोन मान्य. तिसरी नाही.

मामा : का?

भाची : वरचा मजला तुम्ही सिंचन खात्यातल्या साहेबांना दिलात, तेव्हा मीटिंग घेतली होती?

मामा : त्यांची माहिती पोलीस ठाण्यात दिली होती.

भाची : ती आम्हीही देऊ. आधार कार्ड, फोटो, जे लागेल ते. पण कोणाला कोणता आजार होता हे चौकात का वाचायचं? ते गुप्त ठेवण्याचा हक्क त्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. त्या साहेबांना साखर आहे की दाब आहे, हे कॉलनीला विचारलंत तुम्ही?

मामा : साखरेनं कोणी रात्री ओरडत नाही. हे बघ, न सांगता आणलं आणि महिन्याभरानं कळलं, तर लोक तुला काही म्हणणार नाहीत. मला म्हणतील. इतकी वर्षं इथं राहून मी त्यांना अंधारात ठेवलं म्हणतील. सांगून आणलं तर चार जण भांडतील, दोन जण गप्प बसतील, आणि एखादी बाई भाजी घेऊन जाईल त्यांच्याकडे.

भाची : आणि चार जण भांडले म्हणून घरमालक किल्लीच देणार नाही. हे मी आधी बघितलंय. सांगून घर मिळत नाही, मामा. मिळाल्यावर, दोन महिने शेजारी राहिल्यावर, त्यांना वाटलं तर त्या स्वतः सांगतील.

मामा : आणि तोवर मला कोणी विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही.

भाची : खोटं नका बोलू. ‘त्यांनाच विचारा’ म्हणा.

मामा : तुला या कॉलनीत राहायचं नाही, म्हणून तुला हे सोपं वाटतं.